आरव्हीचा फ्रिज गार होत नाहीये? मेकॅनिकला फोन करायच्या आधी हे बघून घ्या

इकडे अमेरिकेत उन्हाळा लागला की आपल्यातले बरेच जण आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतात, काही जण जुनी विकतच घेतात, आणि येलोस्टोन नाहीतर ब्राइस कॅनियनकडे निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं की फ्रीझरमधले मटार मऊ पडलेत आणि इडलीचं पीठ फ्रिजमध्येच फसफसून डब्याबाहेर आलंय. मग फ्रिज मेला म्हणून सगळे मोकळे! पण मेला म्हणून सांगितलेले बरेच फ्रिज मेलेले नसतातच. गाडी तिरकी उभी असते, मागे हवा खेळत नसते, बॅटरी उतरलेली असते नाहीतर बर्नरमध्ये कचरा असतो. या चार गोष्टी घरच्या घरी बघता येतात, आणि त्या बघितल्याशिवाय हजार-दोन हजार डॉलरचं कोटेशन मान्य करू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हा फ्रिज चालतो कसा ते थोडक्यात, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतोच. मागच्या बाजूला वाकड्यातिकड्या नळ्यांचा सीलबंद सांगाडा असतो, त्याला कूलिंग युनिट म्हणतात, त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेलं असतं आणि नळ्या आतून गंजू नयेत म्हणून थोडं सोडियम क्रोमेट. खाली बॉयलरला उष्णता द्यायची, प्रोपेनच्या ज्योतीने किंवा १२० व्होल्टच्या हीटरने, की अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो, वर निवून पातळ होतो, मग फ्रिजच्या आतल्या नळ्यांत येऊन त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता ओढून घेते, आणि शेवटी खाली येऊन तो परत पाण्यात विरघळतो. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या पोरांनी ही युक्ती काढली, १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ती विकत घेतली, आणि आरव्हीतले डोमेटिक, नॉरकोल्ड या कंपन्यांचे गॅसवाले फ्रिज त्याच तत्त्वावर चालतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत पंप नाही, हलणारा एकही पार्ट नाही. पातळ झालेलं सगळं फक्त उतारावरून खाली येतं.

म्हणूनच गाडी सपाट उभी पाहिजे. तिरकी असली की नळ्यांच्या वळणात पाणी-अमोनिया साचून राहतं, बॉयलर मात्र तापतच राहतो, जास्त तापला की सोडियम क्रोमेटचे खडे बनतात आणि ते बारीक नळीत अडकले की विषय कायमचा संपला, ते परत विरघळत नाहीत. अलीकडच्या बऱ्याच मॉडेलना फ्रिजच्या डाव्या-उजव्या बाजूला ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंशांपर्यंत चालतं, तरी तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. इथे एक गोम आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, फ्रिज सहसा गाडीच्या बाजूच्या भिंतीत बसवलेला असतो, म्हणजे फ्रिजचं डावं-उजवं हे गाडीचं पुढे-मागे झालं, त्यामुळे गाडीचं नाक खाली किंवा वर असणं फ्रिजला जास्त बाधतं. छोटी स्पिरिट लेव्हल घ्या, फ्रीझरच्या तळावर दोन्ही दिशांनी ठेवून बघा, आणि गरज असेल तिथे चाकाखाली ब्लॉक द्या. चालत्या गाडीत हा प्रश्न येत नाही कारण हलत्या गाडीत काही एका जागी साचत नाही. पण वाटेत जेवायला म्हणून उतारावर तीन-चार तास गाडी लावणार असाल तर सरळ फ्रिज बंद करा, दार न उघडता तेवढा वेळ आतलं सामान गार राहतं.

आता हवा. बाहेरून बघितलंत तर फ्रिजच्या मागे खाली एक जाळीचं झाकण असतं आणि वर छतावर दुसरं, म्हणजे चुलीच्या धुराड्यासारखंच, खालून गार हवा आत यायची आणि गरम हवा वरून निघून जायची. छतावरच्या झाकणाखाली पक्ष्यांची घरटी असतात, सुकलेली पानं असतात, ते सगळं काढा. काही गाड्यांमध्ये फ्रिज आणि मागची भिंत यांच्यात मोकळी जागा जास्त सुटलेली असते, मग गरम हवा वर न जाता तिथेच घोटाळत बसते, तिथे पातळ पत्र्याचा आडोसा लावून हवा नळ्यांच्या जवळून जाईल असं करायचं. १२ व्होल्टचे छोटे पंखे मिळतात, थर्मोस्टॅटवाले, ते मागे बसवले तर टेक्सास-ॲरिझोनाच्या उन्हात खरंच फरक पडतो. बाहेर ३८-४० डिग्री असेल तर चांगला फ्रिजसुद्धा धापा टाकतो, अशा वेळी निदान फ्रिजची बाजू सावलीत येईल अशी गाडी लावा.

फ्रिजशी आपण वागतो कसं तेही बघा. घरच्या फ्रिजसारखा हा तासाभरात गार होत नाही, निघायच्या आदल्या दिवशीच १२० व्होल्टवर लावून ठेवा आणि रात्रभर चालू द्या. सामान घरच्या फ्रिजमध्ये गार करून मगच यात ठेवा. गरम भाजीचं पातेलं तर चुकूनही नको. आणि इडलीचं पीठ न्यायचंच असेल तर फर्मेंट व्हायच्या आधीच गार करून न्या, अर्धा डबा रिकामा ठेवून. आतले ॲल्युमिनियमचे पंख असतात ना, त्यांच्यापुढे श्रीखंडाचे डबे रचून ठेवले तर थंडावा पुढे येणार कुठून? दोनतृतीयांश भरा, मध्ये हवेला वाट ठेवा. एक साधा फ्रिज थर्मामीटर घेऊन ठेवा, तो ४० फॅरनहाइट म्हणजे साधारण ४ सेल्सियसच्या खाली राहिला पाहिजे. दाराचं रबर तपासायला एक डॉलरची नोट दारात अडकवून ओढा, चारही बाजूंना नोट थोडी अडकत यायला हवी, सटकन निघाली तर तिथून हवा जातेय. रबर आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून बघा, कित्येकदा नुसता चिकट मळ असतो. बर्फ साठला तर फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा आणि गरम पाण्याचं भांडं आत ठेवा, सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडलं तर सगळं युनिट गेलं.

एवढं करूनही गार होत नसेल तर पुढची पायरी फार सोपी आहे आणि तीच लोक करत नाहीत. एक दिवस फक्त १२० व्होल्टवर चालवा, एक दिवस फक्त गॅसवर, आत ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवा. एकावर गार होतो आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे कूलिंग युनिट ठणठणीत आहे, प्रॉब्लेम उष्णता देणाऱ्या भागात आहे, आणि तो स्वस्तात सुटतो.

विजेवर चालत नसेल तर पेडेस्टलचा, म्हणजे कॅम्पग्राउंडवरच्या विजेच्या खांबाचा ब्रेकर, फ्रिजच्या मागचा प्लग, फ्रिजच्या कंट्रोल बोर्डावरचा फ्यूज या क्रमाने बघा. मग प्लग काढून, हीटरच्या वायरी बोर्डावरून सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजा. हिशोब सोपा आहे, १२० गुणिले १२० भागिले हीटरवर लिहिलेले वॅट, ३२५ वॅटचा असेल तर साधारण ४४ ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर जळलाय, नवीन आणून बसवा. आणि एक लक्षात ठेवा, गॅसवर असो की विजेवर, कंट्रोल बोर्डाला १२ व्होल्ट लागतातच. बॅटरी उतरलेली असली की बोर्ड वेड्यासारखा वागतो, लाइट लागतात, टिकटिक होते, पण पेटत काही नाही, आणि माणूस उगाच नवा बोर्ड मागवतो. बॅटरी, तिची गंजलेली टोकं आणि अर्थिंगची वायर आधी साफ करा.

गॅसवर पेटत नसेल, फ्रिजवरचा 'चेक' असं लिहिलेला लाइट लागत असेल, तर आधी शेगडी पेटवून बघा. शेगडी नीट पेटली म्हणजे गॅस येतोय आणि पाइपातली हवाही निघून गेली. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडायचा, झटक्यात उघडला तर आतली सेफ्टी गॅस अडवून धरते. शेगडी पेटते पण फ्रिज नाही, तर बर्नर उघडायची वेळ आली.

सिलिंडर बंद, १२ व्होल्ट बंद, प्लग काढलेला, आणि सगळं गार झालेलं, मगच हात घाला. बाहेरचं खालचं झाकण काढलं की एका स्क्रूवर बसलेला पत्र्याचा आडोसा दिसेल, त्याच्यामागे बर्नर. त्यात कोळ्याचं जाळं असतं, कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं, आणि वरच्या धुराच्या नळीतून गळलेला गंजाचा चुरा तर असतोच असतो. बर्नरवर फडकं टाका, वरून तारेला लटकवलेली पिळाची पट्टी बाहेर काढा, नळी लांब ब्रशने घासा, व्हॅक्यूमने सगळं ओढून घ्या, डोळ्यांना गॉगल लावून. बर्नरच्या फटी टूथब्रशने साफ होतात. गॅस जिथून येतो ते बारीक भोकाचं जेट मात्र सुईने कोरायचं नाही, भोक तिळभर जरी मोठं झालं तरी ज्योत बिघडते, ते अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, सुकवा, तरी नाही तर नवीन घ्या, फार महाग नसतं. ठिणगी मारणाऱ्या टोकाचं बर्नरपासूनचं अंतर ५ मिलिमीटरच्या आसपास असावं. परत जोडताना दोन पाने वापरा, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने आवळायचं, नाहीतर तांब्याची नळी पिळली जाते, आणि सिलिंडर उघडल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा. हे बघितल्याशिवाय पेटवायचं नाही. ज्योत निळी, स्थिर आणि फुसफुसणारी हवी, पिवळी असेल तर अजून कचरा आहे किंवा प्रेशर चुकलंय. गॅसचं प्रेशर ११ इंच वॉटर कॉलम (गॅसचं प्रेशर मोजायचं माप) असावं लागतं, ते मोजायचं आणि रेग्युलेटरला हात लावायचं काम गॅसवाल्याकडेच द्या. आणि ब्राइससारख्या आठ हजार फुटांवर ज्योत विझत असेल तर तो बिघाड नाही, साडेपाच हजार फुटांच्या वर हवा विरळ झाल्याने असं होतं, वीज मिळाली तर विजेवर चालवा.

दोन्हीवर चालतोय पण आत कधी बर्फ तर कधी कोमट, असं असेल तर पंखांवर क्लिपने लावलेला छोटा सेन्सर बघा. डोमेटिकमध्ये तो वर सरकवला की जास्त गार, खाली केला की कमी. बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून मोजला तर साधारण ७ ते १० हजार ओहम यायला हवेत.

आता वाईट बातमीची लक्षणं. अमोनियाचा नाकात झोंबणारा वास, किंवा मागच्या नळ्यांवर पिवळट-हिरवट डाग, म्हणजे युनिट फुटलंय. लगेच फ्रिज बंद करा, गॅस बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, ते पिवळं हाताने पुसू नका कारण क्रोमेट विषारी आहे, आणि आतला हायड्रोजन पेट घेतो हेही विसरू नका. दुसरं लक्षण, बॉयलर तापतोय, दोन्हीवर चालवून झालं, गाडी सपाट आहे, पण खालच्या नळ्या गारच आणि आतही गार नाही, म्हणजे नळी चोंदली किंवा आतला गॅस गेला. काही लोक फ्रिज काढून उलटा करून ठेवायचा सल्ला देतात, खडे झालेले असतील तर त्याने काही होत नाही, पाठ मात्र जाते.

अशा वेळी पूर्ण फ्रिज बदलायलाच हवा असं नाही, नुसतं कूलिंग युनिट बदलता येतं, इंडियानामधले आमिश कारागीर बनवतात त्या युनिटचं नाव चांगलं आहे. दुसरा पर्याय १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज, लवकर गार होतो, तिरक्या गाडीची एवढी फिकीर नाही, पण दिवसाला ४०-७० अँपिअर-तास सहज खातो, म्हणजे विजेशिवाय जंगलात दोन-तीन दिवस राहायची सवय असेल तर आधी लिथियम बॅटरी आणि सोलरचा खर्च धरा. कॅम्पग्राउंडवर प्लग लावूनच राहणाऱ्यांनी तो घ्यावा, बाकीच्यांनी जुना गॅसवालाच सांभाळावा असं मला वाटतं.

जुनी गाडी घेताय तर एक काम घ्यायच्या आधीच करा. फ्रिजच्या आतल्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या आणि सरकारच्या वाहन सुरक्षा खात्याच्या साइटवर रिकॉल, म्हणजे दोष निघाल्यामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेला माल, तपासा. आगीच्या धोक्यामुळे डोमेटिकने २००६ मध्ये आणि नॉरकोल्डने १२०० सिरीजसाठी २०१० मध्ये मोठे रिकॉल काढले होते, आणि त्यातले फ्रिज अजून जुन्या गाड्यांतून फिरतायत. रिकॉलचं काम झालंय का ते विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर सोडू नका, कागद मागा.