परदेशात फौज पाठवण्यावर वाद कसा घालावा

‘दुसऱ्या देशात सैन्य पाठवून दहशतवाद संपतो का?’ असा विषय फळ्यावर लिहिला की पहिल्या पाच मिनिटांत मुलं इराक, अफगाणिस्तान, गाझा, युक्रेन सगळीकडे फिरून येतात आणि कुठेच धड थांबत नाहीत. मोठ्यांच्या चर्चेतही हेच होतं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते आणि वादविवाद स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेते. तयारीतलं पहिलं काम म्हणजे विषय लहान करणं. एक देश घ्या, एक निर्णय घ्या आणि ठरावातच तारीख घाला.

माझ्या वर्गात ठराव असतो: ‘जुलै 1987 मध्ये भारताने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, हे योग्य होते.’ अमेरिकेच्या चुका मोजायला आपलं काही जात नाही. इथे मात्र निर्णय आपल्या सरकारचा होता, सुमारे 1,200 जवान आपले गेले आणि श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफन्यातली सामान्य माणसं आपल्या सैन्याच्या गोळीबारातही मेली. आमच्याकडे गल्लीगणिक एखादा तरी फौजी निघतो, त्यामुळे हा वाद घालताना मुलं जपून बोलतात. ते मला हवंच असतं.

आता तारखांची पट्टी करा. लांब कागद भिंतीला चिकटवा आणि डावीकडून भरत जा. 1956: श्रीलंकेत बहुसंख्याकांची सिंहली ही एकमेव राजभाषा, अल्पसंख्याकांची तमिळ वगळली. 1981: जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं. जुलै 1983: एलटीटीईने (स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना, ‘तमिळ वाघ’) दबा धरून 13 सैनिक मारले आणि त्यानंतर कोलंबोसह ठिकठिकाणी तमिळांची घरंदारं पेटवली गेली. पुढच्या काळात लाखावर निर्वासित तामिळनाडूत आले, आणि भारताने तमिळ गटांना गुपचूप शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं. ही नोंद गाळू नका, पुढचा अर्धा वाद तिच्यावरच उभा राहतो. मे 1985: अनुराधापुरात एलटीटीईने शंभरावर नि:शस्त्र माणसं गोळ्या घालून मारली. 1987 चा मे महिना: जाफन्याजवळच्या वडमराचीत श्रीलंकेच्या सैन्याची एलटीटीईविरुद्ध मोहीम. 4 जून: भारतीय हवाई दलाने जाफन्यावर विमानातून धान्य टाकलं. 29 जुलै: कोलंबोत भारत-श्रीलंका करारावर राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या सह्या.

या तारखेवर लाल रेघ मारा. पहिल्या फेरीत रेघेच्या उजवीकडची एकही गोष्ट बोलायची नाही. राजीव गांधींची हत्या नाही, 2009 मधला एलटीटीईचा शेवट नाही, काही नाही. त्या दिवशी दिल्लीत बसलेल्या माणसाला जे माहीत होतं तेवढ्यावरच बाजू मांडायची. हा नियम मुलांना जाचतो, पण एरवी सगळा वाद ‘बघा, शेवटी काय झालं’ एवढ्यावर येतो, आणि निर्णय कसा घेतला जातो हे शिकायचं राहूनच जातं. दुसऱ्या फेरीत रेघ ओलांडा. तेव्हा प्रश्न बदलतो: परिस्थिती पालटल्यावर निर्णय का पालटला नाही?

पट्टी झाली की मूळ करार वाचा. त्यावरचे लेख नंतर, आधी करार. तो मोठा नाही. सोबत दोन्ही नेत्यांनी एकमेकांना दिलेली पत्रं आहेत, ती वगळू नका. करारात प्रांतिक परिषदा, शस्त्रं खाली ठेवण्याची मुदत, उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते जोडणं असं सगळं आहे. पत्रांत पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीचं बंदर भारताच्या हिताविरुद्ध कोणाला वापरू द्यायचं नाही, तिथल्या तेलाच्या टाक्या भारत आणि श्रीलंकेने मिळून दुरुस्त करायच्या, हे आहे. म्हणजे आपण केवळ तमिळांच्या कळवळ्याने गेलो हेही खरं नाही आणि केवळ बंदरासाठी गेलो हेही नाही. दोन्ही हेतू कागदावर शेजारी शेजारी आहेत. वक्त्याने दोन्ही मान्य करूनच पुढे जावं.

वाचताना एक प्रश्न हातात ठेवा: या कागदावर सही कोणाची नाही? सही दोन सरकारांची आहे. ज्यांनी बंदुका खाली ठेवायच्या त्या एलटीटीईची सही कुठेच नाही. तिचा प्रमुख प्रभाकरन याला त्या दिवसांत दिल्लीत ठेवलं होतं. परत गेल्यावर 4 ऑगस्टला जाफन्याजवळ सुदुमलैच्या सभेत त्याने भारताच्या दबावाखाली शस्त्रं देत असल्याचं सांगितलं, आणि तमिळ ईलमचं, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्राचं, ध्येय सोडलं नसल्याचंही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कस लागतो तो 29 जुलै ते 10 ऑक्टोबर या अडीच महिन्यांत. इथे घाई करू नका. शांतिसेना एलटीटीईशी लढायला गेली नव्हती, युद्धबंदीची हमी द्यायला गेली होती. 3 ऑक्टोबरला श्रीलंकेच्या नौदलाने एलटीटीईचे 17 जण समुद्रात पकडले. कोलंबोला ते चौकशीसाठी हवे होते, एलटीटीईचं म्हणणं होतं की करारात माफी आहे. भारताला हे थोपवता आलं नाही. 5 तारखेला त्या कैद्यांनी सायनाईड घेतलं, 12 जण मेले. त्यानंतर एलटीटीईने आपल्या ताब्यातले श्रीलंकेचे सैनिक मारले, पूर्वेत सिंहली लोकांच्या कत्तली झाल्या, आणि 10 ऑक्टोबरला शांतिसेनेची एलटीटीईविरुद्धची मोहीम, ‘ऑपरेशन पवन’, सुरू झाली. 11 च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरलेल्या ‘13 शीख लाइट इन्फन्ट्री’ पलटणीच्या तुकडीतले 30 पैकी 29 जवान पडले. हमीदाराचा पक्षकार कसा झाला, हे मुलांना दिवसागणिक सांगता आलं पाहिजे. ‘युद्ध पेटलं’ असं म्हणून सोडू देऊ नका. कोणी, कुठे, कशामुळे, हे विचारा.

तिथे गेलेला माणूस जवळपास असेल तर त्याला बोलवा. आमच्याकडे निवृत्त फौजीला, हुद्दा काहीही असो, मेजर म्हणतात. तसे एक मेजर, खरे हुद्द्याने हवालदार, वर्गात आले होते. मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की किती मारले हे विचारायचं नाही, आणि निर्णय बरोबर होता का हेही विचारायचं नाही, ते काम तुमचं. त्यांना विचारायचं ते हे: काय दिसलं, हुकूम काय होता, नकाशा कसला होता, भाषा कळत होती का. ते म्हणाले, “ऑगस्टात बाया ओवाळत होत्या. ऑक्टोबरात त्याच रस्त्यावर सुरुंग. आमच्यात तमिळ येणारा एक पोरगा, त्याला सगळ्या कंपनीत फिरवायचो.” एका मुलीने विचारलं, काका, मग तुम्हाला त्या लोकांचा राग आला का? बराच वेळ ते खडूच्या डब्याशी चाळा करत उभे राहिले. मग म्हणाले, “राग येऊन चालत नाही बाळ, पण आला होता.” स्पर्धेच्या भाषणात हे वाक्य वापरू नका असं मी मुलांना सांगितलं. ते त्यांचं होतं, आपल्या टाळ्यांसाठी नव्हे.

जवानाचं शौर्य आणि सरकारचा निर्णय यांचे कागद वेगळे ठेवा. ‘8 महार’ पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला छातीत गोळी लागलेली असताना लढले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. यावरून निर्णय बरोबर ठरत नाही, आणि निर्णय चुकीचा ठरला तरी परमवीर चक्र उणं होत नाही. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त भांडणं याच जागी होतात. कोणी ‘जवानांचा अपमान’ म्हणालं की सूत्रसंचालकाने तिथेच थांबवून विचारायचं: आक्षेप जवानावर आहे की आदेशावर?

दुसरी अवघड जागा जाफन्याचं हॉस्पिटल. 21 ऑक्टोबर 1987 ला भारतीय सैनिक तिथे शिरले, आणि रुग्ण, डॉक्टर, परिचारिका धरून साठहून अधिक माणसं मेली. आतून गोळीबार झाला असं सैन्याच्या बाजूने सांगितलं गेलं, वाचलेल्यांनी आणि मानवी हक्क संघटनांनी ते नाकारलं. दोन्ही म्हणणी मांडा आणि मग तुम्हाला कोणतं पटतं ते कारणासकट सांगा. मृतांचा आकडा कोणाचा आहे हेही सांगा. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यानेच हा विषय आधी काढावा असा माझा आग्रह असतो. लपवलेली गोष्ट समोरच्याने काढली की बाकीचं भाषण वाया जातं. आणि मुख्य म्हणजे ती माणसं होती, त्यांचा उल्लेख स्पर्धेच्या डावपेचावर अवलंबून राहू नये.

तुलना हवी असेल तर दोनच घ्या, आणि त्यातली एक तुमच्या मताविरुद्ध जाणारी असू द्या. अफगाणिस्तानला ‘सही कोणाची नाही’ हा प्रश्न लावून बघा. नवं अफगाण सरकार ठरवणाऱ्या डिसेंबर 2001 च्या बॉन करारात तालिबान नव्हते. 29 फेब्रुवारी 2020 च्या दोहा करारावर अमेरिका आणि तालिबान यांच्या सह्या आहेत, काबूलच्या सरकारची नाही. 15 ऑगस्ट 2021 ला काबूल पडलं. पण इथेच ‘हस्तक्षेप कधीच यशस्वी होत नाही’ असं म्हणून मोकळं होऊ नका. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये मे 2000 मध्ये ब्रिटिश सैन्य उतरलं, संयुक्त राष्ट्रसंघाची मोठी सेना होतीच, आणि जानेवारी 2002 मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं. राष्ट्रसंघाच्या त्या सेनेत भारतीय जवानही होते. कैलाहुनमध्ये वेढ्यात अडकलेल्या आपल्या माणसांची त्यांनी जुलै 2000 मध्ये सुटका केली. तिथे काय वेगळं होतं हे शोधायला लावा. इतिहासाची पुस्तकं खरी उघडली जातात ती या टप्प्यावर.

शांततेवर बोलताना शेवटची गोळी कधी झाडली एवढ्यावर थांबू नका. शांतिसेनेची शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून निघाली. तिला परत जा म्हणणारे श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा 1993 मध्ये एलटीटीईच्याच हल्ल्यात मेले, राजीव गांधी त्याआधी 1991 मध्ये. मे 2009 मध्ये एलटीटीई संपली, पण लढाईच्या शेवटच्या महिन्यांत हजारो तमिळ नागरिक बळी गेले. बेपत्ता माणसांच्या आया उत्तरेत त्यानंतरही वर्षानुवर्षं फोटो घेऊन बसल्या. आणि 1987 च्या करारातली प्रांतिक परिषद फक्त उत्तर प्रांताची अशी निवडून आली थेट 2013 मध्ये. 2018 मध्ये मुदत संपल्यावर पुढची निवडणूक लांबतच गेली. जमीन आणि पोलीस हे अधिकार तिला प्रत्यक्षात कधी मिळालेच नाहीत. म्हणून ‘शांतता आली का?’ असं न विचारता तीन गोष्टी विचारा: बंदुका थांबल्या का, माणसं आपल्या घरी-जमिनीवर परतली का, स्थानिक कारभार त्यांच्या हाती आला का. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतील, आणि यायलाच हवीत.

भाषणं पाच मिनिटांची ठेवा, प्रश्नोत्तरांना त्याच्या दुप्पट वेळ द्या. बाजू आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून द्या आणि पुढच्या आठवड्यात उलटवा. ज्याच्या घरात कोणी शांतिसेनेत होतं त्याला विरोधाची बाजू नको असेल तर सक्ती करू नका, त्याला पट्टीची जबाबदारी द्या. आणि गुणपत्रिकेत एक रकाना असा ठेवा: समोरच्याचा सर्वांत बळकट मुद्दा याने प्रामाणिकपणे मांडून मग उत्तर दिलं का? माझ्याकडे या रकान्याला वक्तृत्वाच्या दुप्पट गुण असतात.