गूगलवर नको तेच वर येतंय? या चुका टाळा

जुलै महिना. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी चढतंय आणि कोल्हापुरात घराघरांत मोबाइलवर एकच शोध चाललाय: पंचगंगा पाणी पातळी. वर येणाऱ्या बातम्यांत बऱ्याचदा 2019 नाहीतर 2021 च्या महापुराच्या बातम्या मिसळलेल्या असतात. मथळेही दरवर्षी तेच. पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडली, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले. इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे आकडे प्रत्येक बातमीत सारखेच, त्यामुळे ती कोणत्या वर्षाची हे वाचूनही चटकन कळत नाही. एखादी जुनी ‘पाणी ओसरू लागलं’ची बातमी नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांच्या ग्रुपवर गेली आणि कुणी तिच्या भरवशावर जनावरं हलवायचं थांबलं, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

पहिली चूक वेळेच्या फिल्टरची. निकालांच्या पानावर ‘टूल्स’मध्ये मागचा तास, मागचे 24 तास, मागचा आठवडा असे पर्याय असतात. पुराच्या दिवसांत 24 तासांचाच लावा. पण काही साइट जुनंच पान नव्या तारखेनं पुन्हा चढवतात आणि ते फिल्टरमधून सुटून येतं. म्हणून बातमी उघडून मजकुरातली तारीख बघा आणि मग प्रशासनाच्या दैनंदिन माहितीशी ताडून पाहा. फिल्टरमुळे उलटही घडतं: तो लावलेला विसरून त्याच पानावर पुढचा शोध घेतला की निकाल जवळजवळ रिकामे येतात, आणि माणूस म्हणतो की नेटवर काहीच नाही.

दुसरी चूक खास मराठी टाइप करणाऱ्यांची आहे आणि मला ती सगळ्यात जास्त दिसते. एकाच साइटपुरता शोध हवा असेल तर इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून कोलन आणि कोलनला चिकटून साइटचा पत्ता लिहायचा. मराठी कीबोर्ड चालू असताना कोलनच्या जागी विसर्ग पडू शकतो. दिसायला दोन्ही सारखेच दोन ठिपके, पण गूगलला तो विसर्ग म्हणजे एक अक्षर वाटतं आणि फिल्टर लागतच नाही. कीबोर्ड इंग्रजी करून तेवढा भाग लिहा, मग शोधाचे शब्द मराठीत. कोलननंतर जागा सोडू नका. पत्त्याच्या जागी नुसतं जीओव्ही डॉट इन लिहिलं तर त्या शेपटाच्या सगळ्या सरकारी साइट एकदम चाळल्या जातात. पाणीपातळी, शासन निर्णय, जिल्हा प्रशासनाचे आदेश यांसाठी मी सुरुवात तिथूनच करते.

वजाबाकीचंही तसंच. कोल्हापुरी चपलेची माहिती शोधली की आधी विकणाऱ्यांच्या साइट येतात. तेव्हा नको असलेल्या शब्दाला चिकटून वजाचं चिन्ह द्यायचं. मध्ये जागा राहिली तर ते वगळणं होत नाही. पण इथं मूळ स्रोताकडे जाणं जास्त बरं. या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागाचं खास उत्पादन म्हणून सरकारी नोंद) मिळालं, ते एकट्या कोल्हापूरला नव्हे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. भौगोलिक मानांकनाच्या सरकारी नोंदवहीत हे लिहिलेलं सापडतं. दुकानांच्या पानांवर अर्धंमुर्धंच असतं.

अवतरणचिन्हं जपून वापरा. अवतरणात लिहिलं की तेच शब्द, त्याच रूपात शोधले जातात, आणि मराठीत शब्द रूप बदलतो. ‘राजाराम बंधारा’ अवतरणात टाकलात तर ‘राजाराम बंधाऱ्यावर’ लिहिलेली बातमी निसटू शकते. गूळ शोधताना ‘गूळ’, ‘गुळ’, ‘गुळाचे’ सगळी रूपं वेगळी धरा आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ओआर’ लिहा.

गुळावरून आठवलं. मार्केट यार्डातल्या सौद्यांचे दर गूगलवर शोधणं हाच मुळात चुकीचा रस्ता आहे. कृषी पणन मंडळाच्या साइटवर शेतमाल आणि बाजार समिती निवडली की आवक आणि दर समोर येतात. अशी पानं मागणी केल्यावर तयार होतात, त्यामुळे ती सर्च इंजिनच्या यादीत सहसा नसतात. म्हणूनच गूगलच्या ‘प्रोग्रामेबल सर्च इंजिन’मध्ये आपल्या भरवशाच्या साइटची यादी करून स्वतःचा शोध बनवला तरी हे दर त्यात उतरत नाहीत. तो शोधही गूगलच्याच यादीतून निवडतो. जुने शासन निर्णय, विश्वकोशातल्या नोंदी, निवडक वृत्तपत्रं यांसाठी मात्र तो फार उपयोगी आहे. यादी करताना एकाच पानाचा पत्ता न देता संपूर्ण साइटचा द्या, नाहीतर तेवढंच एक पान चाळलं जातं.

वरचेवर लागणाऱ्या साइटसाठी संगणकावरच्या क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘साइट सर्च’ जोडता येतो. मराठी विकिपीडियात काहीतरी शोधा, वर आलेला लांब पत्ता उचला, त्यात आपला शब्द असेल तिथं टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान ‘एस’ टाका, आणि ‘मवि’ असं छोटं नाव द्या. मग ॲड्रेस बारमध्ये ‘मवि’, टॅब आणि शब्द, एवढ्यावर काम होतं. चालत नसेल तर त्या साइटवर शोध घेतल्यावर पत्ता बदलतो का ते पाहा. बदलत नसेल तर ती साइट अशी जोडता येत नाही.

सरकारी पीडीएफ समोर उघडलेली असूनही तिच्यातला शब्द सापडत नाही, अशी तक्रारही नेहमीची. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला तर ती युनिकोडच्या, म्हणजे मराठी अक्षरं सगळ्या संगणकांवर सारखी ओळखणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. ओळ निवडताच येत नसेल तर कागद स्कॅन केलेला आहे. अशा वेळी शब्दांचा नाद सोडा आणि शासन निर्णयांच्या साइटवर विभाग आणि तारीख निवडून तो शोधा.