आगमनकाळाचे चार रविवार आणि वर्गाची तयारी

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचा तयारीचा काळ, २९ नोव्हेंबरला सुरू होतो आणि नाताळ शुक्रवारी येतो. वर्गाला रविवार मिळतात चार: २९ नोव्हेंबर, मग डिसेंबरची ६, १३ आणि २० तारीख. हे झालं कागदावर. २० तारीख नाताळच्या नाटुकलीची तालीम, गोठ्याची (येशूजन्माच्या देखाव्याची) स्पर्धा आणि तारे टांगायच्या गडबडीत जाते, हे वसईत संडे स्कूल घेणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. शाळांची स्नेहसंमेलनंही याच महिन्यात, त्यामुळे हजेरी रोडावते. म्हणून तीन वर्गांत मावेल एवढंच ठरवा. चौथा हाती लागला तर वरकड समजा.

ठरवताना एक गोष्ट धरून ठेवा: हा काळ वाट पाहण्याचा आहे, नाताळ साजरा करण्याचा नाही. सांताच्या टोप्या दिवाळीचे कंदील उतरायच्या आतच दुकानांत लागतात, त्याला आपला इलाज नाही. वर्ग मात्र आपल्या हातात असतो. तिथे पहिल्याच रविवारी कॅरल, केक आणि बाळ येशू एकदम आणले तर पुढचे तीन रविवार मुलांना कशाची उत्सुकता राहणार? तेव्हा वर्गात काय आणायचं याच्या जोडीला काय आणायचं नाही हेही वहीत लिहून ठेवा. गोठा मांडा, पण गव्हाणी रिकामी. बाळाची मूर्ती कुलपात. कॅरल निदान १७ डिसेंबरपर्यंत नको. शेजारच्या खोलीत गायनमंडळाचा सराव चालतो आणि भिंतीतून ‘ग्लोरिया’ हे गौरवगीत ऐकू येत राहतं, ही तक्रार नेहमीची आहे. त्यांची वेळ बदलत नसेल तर आपली खोली बदलून मागा, आणि ते नोव्हेंबरातच मागा.

आता वाचन. नोव्हेंबरच्या मध्यावर एक निवांत संध्याकाळ काढून चारही रविवारांची मिस्सेतली, म्हणजे चर्चच्या उपासनेतली, बायबलवाचनं स्वतः सलग वाचा. पाठ्यपुस्तकातला धडा नंतर. आगमनकाळापासून चर्चचं नवं वर्ष लागतं आणि वाचनांच्या तीन वर्षांच्या फेऱ्यातलं यंदा ‘ब’ वर्ष, म्हणजे संत मार्कचं. गंमत अशी की मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या येशूच्या कथेत, त्याच्या जन्माची गोष्टच नाही. मेंढपाळ नाहीत, तारा नाही, गव्हाणी नाही. ते थेट बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापासून सुरू होतं. त्यामुळे पहिल्या दोन रविवारी मार्क, तिसऱ्या रविवारी संत योहानाचं (हे योहान वेगळे) शुभवर्तमान आणि चौथ्या रविवारी लूक असा क्रम आहे. मोठ्या वर्गातला एखादा मुलगा ‘नाताळची गोष्ट मार्कमध्ये कुठे आहे?’ असं विचारेलच. न विचारल्यास तुम्हीच शोधायला लावा. दहा मिनिटं पानं उलटून काहीही न सापडणं हा त्या वयात चांगला धडा आहे.

पहिल्या रविवारचं शुभवर्तमान जरा जपून हाताळायचं. मार्कच्या तेराव्या अध्यायाचा शेवट आहे. घरधनी प्रवासाला गेलाय, प्रत्येक नोकराला काम नेमून दिलंय, दारवानाला जागं राहायला सांगितलंय. तो संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे, हे कुणाला ठाऊक नाही. मुलं यावर हमखास विचारतात, जग बुडणार का? उत्तर आधीच मनाशी तयार ठेवा. माझ्या मते भीतीच्या बाजूने जाऊच नये. या गोष्टीत येणारा हा घरचाच माणूस आहे, चोर नाही, इथे बोट ठेवा. आपल्याकडे किती घरांतले वडील आखातात किंवा बोटीवर असतात आणि नाताळला सुट्टी मिळेल की नाही याची घरात रोज चर्चा असते! ते उदाहरण लगेच लागू पडतं. पण वर्गात एखाद्याचे वडील आता हयात नसतील किंवा घर सोडून गेले असतील, तर ते उदाहरण त्या दिवशी वापरू नका. हजेरीपट चाळून मगच ठरवा.

त्याच दिवशी पहिलं वाचन यशयाचं आहे आणि त्याच्या शेवटी आपण माती, तू कुंभार अशी ओळ येते. लहान वर्गासाठी एवढी ओळ पुरते. शाडूची माती आणा, प्रत्येकाला एक गोळा द्या, फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरा, हात धुवायला बादली आणि फडकी ठेवा. पणती करा म्हणावं. वेडीवाकडी झाली तर मोडून पुन्हा करायला सांगा, तोच धडा आहे.

आगमनकाळाच्या चक्राबद्दल, म्हणजे दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटवायच्या हिरव्या कड्याबद्दल, लोक उगाच धास्ती घेतात. विकतचं प्लास्टिकचं हिरवं कडं आणायची गरज नाही. बांबूची उथळ टोपली किंवा ताट घ्या, वाळू भरा, चार मेणबत्त्या घट्ट रोवा. हिरवाईसाठी किनाऱ्यालगत सुरूच्या झाडांखाली गळून पडलेल्या डहाळ्या पुष्कळ मिळतात. झाड तोडू नका, आणि ओल्या असतानाच वापरा, वाळली की सुरू भुरकन पेट घेतो. मेणबत्त्या तीन जांभळ्या, एक गुलाबी. जांभळ्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्याच घेऊन तळाशी रिबीन बांधा. क्रेप कागद गुंडाळू नका. काडेपेटी, वाळूचा डबा, पाण्याची बाटली जवळ हवी, आणि पेटवताना पंखा बंद. लहान वर्गात पेटवणारा हात मोठ्या माणसाचाच. हे चक्र मुळात कॅथलिक नाही, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा. १८३९ मध्ये हॅम्बर्गला योहान हिन्रिख विखर्न या लुथरन पाळकाने गरीब मुलांसाठी चालवलेल्या घरात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या छोट्या लाल. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं रोज त्याचं डोकं खायची, त्यावर हा उपाय. आपल्याकडे ती प्रथा विसाव्या शतकात आली. वर्गात हे ऐकल्यावर मुलं त्या चक्राकडे जरा जास्त आपुलकीने बघतात.

गुलाबी मेणबत्ती १३ तारखेची, तो आनंदाचा रविवार. फादर त्या दिवशी गुलाबी वस्त्र घालतील असं मुलांना आधीच सांगून बसू नका. सगळ्या धर्मग्रामांत (पॅरिशांत) ते वस्त्र असतंच असं नाही आणि जांभळंही चालतं. आधी चर्चच्या सेवेकऱ्याला विचारा. ‘ग्लोरिया’ का म्हणत नाहीत आणि तरी ‘आलेलुया’ कसा चालतो, हाही प्रश्न येतो. उत्तर सोपं: हा ईस्टरआधीचा उपवासकाळ नव्हे. उपवासकाळात दोन्ही नसतात.

६ डिसेंबरला दुसरा रविवार आणि तारखेने तो संत निकोलसचा दिवस. मिस्सा रविवारचीच होते, पण वर्गात सांताचा विषय काढायला याहून बरी तारीख नाही. चौथ्या शतकातले मायरा शहराचे बिशप, आजच्या तुर्कस्तानातले. लग्नाला पैसे नाहीत म्हणून वाऱ्यावर पडणाऱ्या तीन मुलींच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप पैशांच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच सांगा. हुंडा म्हणजे काय हे आपल्या मुलांना समजावून द्यावं लागत नाही, त्यामुळे गोष्ट पटकन पोचते. सांता खरा की खोटा, यावर लहान वर्गात निकाल देऊ नका. ते आईवडिलांचं काम.

मधल्या सणांत दोन महत्त्वाचे. ३ डिसेंबर, गुरुवार, संत फ्रान्सिस झेवियर यांचा. मुलांना जुन्या गोव्यातलं फेस्त आणि बॉम जीझस बॅसिलिका माहीत असते, पण ते वारले कसे हे नाही. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, मुख्य भूमीवर नेणाऱ्या होडीची वाट पाहत. आगमनकाळातल्या वर्गासाठी इतकी नेमकी गोष्ट दुसरी नाही, तिला पूर्ण पंधरा मिनिटं द्या. दुसरा ८ डिसेंबर, मंगळवार, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा. इथे मोठी माणसंसुद्धा घसरतात. मरियेच्या उदरात येशू आला त्याचा हा सण, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही: मरिया स्वतः तिच्या आईच्या, संत अॅनच्या, उदरात आली त्या पहिल्या क्षणापासून पापाच्या डागाशिवाय होती, असा हा सिद्धान्त. नवव्या पायस पोपनी तो १८५४ मध्ये जाहीर केला. गोंधळ वाढतो तो शुभवर्तमानामुळे, कारण त्या दिवशी ‘तुला पुत्र होईल’ हा मरियेला आलेला गब्रीएल दूताचा निरोपच वाचतात, आणि यंदा चौथ्या रविवारी, २० तारखेला, तोच उतारा पुन्हा येणार आहे. तेव्हा ८ तारखेला मरियेची सुरुवात आणि २० तारखेला तिचा होकार, असं फळ्यावर दोन तारखा मांडून दाखवा.

चांगल्या कामाची एक काडी गव्हाणीत टाकायची, ही जुनी रीत आपल्याकडे सहज जमते. भातकापणी नुकती झालेली असते, कुणाच्या तरी वाडीत ताजा पेंढा मिळतोच. कात्रीने वीतभर तुकडे करून पिशवीत भरा. फक्त नावांचा तक्ता लावू नका, काड्या मोजू नका. तक्ता लागला की पुढच्या रविवारी पेंढ्यात मुठी पडायला लागतात आणि कुणाची जास्त यावरून भांडणं होतात. संत फ्रान्सिसनी १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत मांडून नाताळ केला, ही गोष्ट काड्या टाकताना सांगा.

दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गाला १७ ते २३ डिसेंबरच्या, येशूला बोलावणाऱ्या सात प्राचीन हाका द्या: दैवी शहाणपण, प्रभू, इशायाचा अंकुर, दावीदची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. एकेका मुलाने एकेक हाक घेऊन बायबलमधलं मूळ शोधून आणायचं. मोबाइल चालेल.

किरकोळ पण विसरू नयेत अशा गोष्टी: मुलांच्या कन्फेशनची तारीख फादरांकडून आत्ताच घ्या, डिसेंबरात ते शेजारच्या धर्मग्रामांतही मदतीला जातात. वृद्धाश्रमात न्यायचं असेल तर आश्रमाची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि सोबत दोन तरी मोठी माणसं. तिथे मुलांनी भेटवस्तू वाटून फोटो काढण्यापेक्षा बसून बोललेलं बरं, आणि हे त्यांना निघायच्या आधी सांगा. मदतीची पेटी ठेवणार असाल तर पैशांऐवजी मूठभर तांदूळ मागा. मूठभर आणताना कुणाला लाजायला होत नाही. वाचन करणाऱ्या मुलाला उतारा आठवडाभर आधी द्या.

२० तारखेचा वर्ग मिळालाच तर दावीद राजाचं वाचन घ्या. त्याला देवासाठी घर बांधायचंय आणि देव उलट म्हणतो, मीच तुझं घराणं उभं करीन. मग लगेच नासरेथची मुलगी, मरिया. दोन्ही शेजारी ठेवले की फारसं समजावत बसावं लागत नाही. निघताना पालकांच्या ग्रुपवर एक निरोप टाका: बाळ २४ च्या रात्री गव्हाणीत, तीन ज्ञानी लोकांच्या मूर्ती ३ जानेवारीला, आणि गोठा १० जानेवारीपर्यंत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारपर्यंत, उतरवू नका. वर्गही त्याच दिवशी पुन्हा सुरू. वह्या आणा.