कॉलेजात मूडल बसवताय? या चुका टाळा

जून-जुलैत कॉलेजात मूडल (ऑनलाइन वर्ग, असाइनमेंट, क्विझ चालवायचं सॉफ्टवेअर) सुरू झालं की पहिले दोन आठवडे ॲडमिनला गरम चहा मिळत नाही. ‘सर, लॉगिन होत नाही’, ‘मॅडम, माझं नावच नाही.’ शिव्या सॉफ्टवेअरला बसतात. मूडल २००२ पासून चालतंय; खोट बहुधा ऑफिसातून आलेल्या एक्सेलच्या यादीत असते.

ती यादी न तपासता चढवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच जपतो. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, १६ आकडी असेल तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो आणि ओळीने दहा मुलांचा पीआरएन एकच दिसायला लागतो. म्हणून आकडे भरायच्या आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलात तर गेलेला आकडा परत येत नाही, मूळ नोंद शोधावी लागते. नावं मराठीत हवी असतील तर फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह करा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टात टाइप केलेली यादी आधी युनिकोडमध्ये आणा.

आणि ईमेल! प्रवेशाचा फॉर्म पुष्कळ मुलं सायबर कॅफेत भरतात, आणि तिथला कॅफेवाला स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो. एकाच ईमेलवर दोन खाती मूडल मुळात घेत नाही, त्यामुळे त्यातलं पहिलं नाव चढतं आणि बाकीची गळतात. जे चढतं त्याच्या पासवर्डचा मेल कॅफेत जातो. ‘एक ईमेल अनेक खाती’ ही सेटिंग चालू करण्याचा मोह होतो, करू नका. वर्गात कागद फिरवून मुलांच्या हस्ताक्षरात ईमेल घ्या. दोन दिवस जातात, पण वर्ष निभतं.

घड्याळाची गंमत आमच्याकडे घडली. सकाळी १० ची क्विझ, मुलं लॅबमध्ये बसलेली, आणि क्विझ उघडेना. ती उघडली दुपारी साडेतीनला, लॅबला कुलूप लागल्यावर. मूडलचा टाइमझोन यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर राहिला होता; ती आपल्या साडेपाच तास मागे. लोकेशन सेटिंगमध्ये डिफॉल्ट ‘एशिया/कोलकाता’ ठेवा, आणि प्रत्येकाला तोच लागू होईल असं सक्तीचं करा.

मेल जात नाहीत, वेळ संपूनही क्विझ आपोआप जमा होत नाही, अशी तक्रार आली तर आधी क्रॉन, म्हणजे सर्व्हरवर ठरावीक वेळाने आपोआप चालणारा प्रोग्राम पाहा. पडद्यामागची ही कामं तोच करतो. त्याला दर मिनिटाला चालवायचं असतं आणि बसवताना तोच विसरला जातो.

‘फाइल मोठी आहे’ हा निरोप आला की शिक्षक कोर्समधली मर्यादा ५० एमबी करतात आणि तरी काही बदलत नाही. कारण मूडल ज्या भाषेवर चालतं त्या सर्व्हरवरच्या पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी असते. सगळ्या मर्यादांत जी लहान, तीच चालते. वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा सहज २ एमबीच्या वर जातो.

नॅकचं, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं, मूल्यांकन आलं म्हणून एका रात्रीत शेकडो पीडीएफ चढवणं हा प्रकार सर्रास चालतो. फाइलीच ठेवायच्या तर व्हॉट्सॲपचा ग्रुप पुरतो, मुलं तिथेच मागतातही. त्यापेक्षा प्रत्येक विषयाला एक असाइनमेंट आणि १० गुणांची एक क्विझ ठेवा, आणि ते गुण अंतर्गत मूल्यमापनात खरोखर धरा. गुण धरले की मुलं आपसूक येतात. सगळ्या शिक्षकांना मॅनेजरचे अधिकार मात्र देऊ नका. आपल्या कोर्सपुरता ‘टीचर’ पुरे.

पुढच्या वर्षी जुन्याच कोर्समध्ये नवी मुलं घातली तर गेल्या वर्षीचे गुण आणि सबमिशन तिथेच पडून राहतात. आधी बॅकअप घ्या, मग कोर्स रीसेट करा.

पूर्ण मूडलचा बॅकअप म्हणजे चढवलेल्या फाइली जिथे राहतात त्या मूडलडेटा फोल्डरची नुसती कॉपी नव्हे. तिथल्या फाइलींना ४० अक्षरी सांकेतिक नावं असतात. कोणती फाइल कोणाची, हे फक्त डेटाबेसला ठाऊक असतं. दोन्ही एकाच वेळचे घ्या, सोबत सेटिंगची कॉन्फिग फाइल ठेवा, आणि दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या रिकाम्या मशीनवर सगळं पुन्हा उभं राहतंय का ते एकदा करून पाहा.