सिगारचा आकार चव कशी बदलतो: मोजा, कापा, ओढा आणि फरक ओळखा

सिगारच्या पेटीवर ५ × ५० असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा लांबीचा, इंचात. दुसरा रिंग गेजचा, म्हणजे व्यासाचा, पण तो इंचाच्या ६४व्या भागात मोजतात. ६४ गेज म्हणजे बरोबर एक इंच, २५.४ मिमी. त्या हिशेबाने ५० म्हणजे १९.८ मिमी, ४२ म्हणजे १६.७ आणि ३८ म्हणजे जेमतेम १५ मिमी. गेजला ०.४ ने गुणलं की मिलिमीटर जवळपास मिळतात. तोंडी हिशेबाला एवढं पुरतं.

निवडताना बहुतेकांची नजर लांबीवर जाते. खरी गोम मात्र दुसऱ्या आकड्यात असते.

आधी तंबाखूचा हिशेब करा

गेजचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. उत्तर कुठल्याही एककात बसत नाही, पण दोन सिगारींची तुलना करायला चोख आहे. सिगारच्या ठरावीक आकारांना नावं असतात. त्यातली पेटिट कोरोना १२९ मिमी लांब आणि ४२ गेजची. रोबुस्तो १२४ मिमी, ५० गेज. रोबुस्तो ५ मिमीने बुटकी, तरी तिच्यात सुमारे ३६ टक्के जास्त तंबाखू बसते. लॅन्सेरोची गंमत आणखी वेगळी. ती १९२ मिमी लांब, हातात धरली की संपता संपणार नाही असं वाटतं. पण ३८ गेजमुळे तिच्यात रोबुस्तोपेक्षाही कमी माल असतो. सहा इंची ६० गेजची जाडजूड गोर्डो घेतली, तर लॅन्सेरोच्या जवळजवळ दुप्पट.

वेळेचा अंदाज यावरूनच बांधा. पेटिट कोरोना ३० ते ४० मिनिटं, रोबुस्तो ४५ ते ६०, लॅन्सेरो तासाभराच्या आसपास, चर्चिल (१७८ मिमी, ४७ गेज) सव्वा ते दीड तास, गोर्डो दीड तासाच्या पुढे. अर्धा तास हाताशी असताना चर्चिल पेटवू नका. घाईने ओढली की ती तापते, आणि तापलेली सिगार कुठल्याही आकाराची असो, कडूच लागते.

तंबाखू वाढली की निकोटीनही वाढतं. मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम तंबाखू असते, सिगारेटमध्ये एक ग्रॅमही नसते. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडातच ठेवून सोडायचा असतो. पण निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात उतरतं आणि तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे टळत नाही. रिकाम्या पोटी गोर्डो ओढून घाम फुटला, मळमळलं, गरगरलं, तर दोष आकाराच्या निवडीचा आहे. अशा वेळी सिगार खाली ठेवा. ती आपोआप विझते.

जाड म्हणजे कडक?

हा समज बाजूला ठेवा. सिगारमध्ये तीन थर असतात: आतला फिलर, त्याला बांधून ठेवणारं बाइंडरचं पान आणि बाहेरचं देखणं रॅपर. रॅपर एकच पान असतं, पण चवीत त्याचा आवाज मोठा असतो. जाडी वाढली की आतला भराव व्यासाच्या वर्गाने वाढतो, रॅपरचा घेर मात्र फक्त व्यासाच्या प्रमाणात. म्हणून लॅन्सेरोमध्ये दर चिमूटभर फिलरमागे रॅपर रोबुस्तोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त जळतं. रॅपर चांगलं असेल तर ते बारीक सिगारमध्ये ठसठशीत लागतं. जाड सिगारमध्ये फिलरच्या गर्दीत मागे पडतं.

कडकपणा येतो लिगेरो पानांतून. ही झाडाच्या शेंड्याकडची जाड पानं असतात आणि हळू जळतात, म्हणून वळणारा कारागीर ती मधोमध ठेवतो. जाड सिगारमध्ये त्यांना जागा जास्त असते, त्यामुळे जाड सिगार कडक असू शकते. पण ती लिगेरोशिवायही भरता येते, आणि मग ती मऊ, गार आणि थोडी सपक निघते.

कापताना आकार बघा

सरळ बाजूंच्या सिगारींना पारेहो म्हणतात. ओठांकडच्या गोल टोकावर पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. कापायचं ते टोपीच्या खांद्याच्या, म्हणजे गोलाई संपून बाजू सरळ होते त्या रेषेच्या वर, टोकापासून दीड ते दोन मिमी. खांद्याखाली पातं गेलं की रॅपरला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ते केळीच्या सालीसारखं सुटत येतं. ३८ ते ४२ गेजच्या सिगारला सरळ कापच द्या. पंच म्हणजे टोपीला गोल भोक पाडणारं छोटं हत्यार. त्याने पाडलेलं भोक आधीच अरुंद असतं; बारीक सिगारमध्ये त्यात डांबर साचतं. ५० च्या पुढे पंच चालतो. ६० गेजसाठी कटर विकत घेण्यापूर्वी त्याचं तोंड मोजा, बरेचसे कटर ५४च्या आसपास थांबतात. सिगार कोंबून कापली तर टोपी चिरते.

टोकदार सिगारी, म्हणजे टॉर्पेडो किंवा पिरामिड, फिगुराडो घराण्यातल्या. माँटेक्रिस्टो ब्रँडची क्रमांक २ हा पिरामिडचा ओळखीचा नमुना: १५६ मिमी, ५२ गेज. इथे पंचचा उपयोग नाही. पण किती कापायचं हे तुमच्या हातात राहतं, आणि हाच या आकाराचा मोठा फायदा. आधी टोकापासून ३ ते ४ मिमी कापा. न पेटवता एक झुरका घ्या. स्ट्रॉने घट्ट ताक ओढल्यासारखं वाटलं तर आणखी एक-दीड मिमी काढा. निम्म्या जाडीपेक्षा मोठं तोंड उघडू नका, नाहीतर टोकदार सिगारचे पैसे मोजून साधी सिगार ओढल्यासारखं होईल.

पेटवताना

ज्योत सिगारला टेकवायची नाही. टोक ज्योतीच्या थोडं वर धरून, फिरवत, कडेने राखेची बारीक कड येईपर्यंत शेकायचं. मग हलके झुरके.

बारीक सिगार दहा-पंधरा सेकंदांत पेटते. टॉर्चसारखा जोरदार लायटर तिच्यावर धरला तर रॅपर करपतं आणि पहिला सेंटीमीटर करपटच लागतो. साधी ज्योत किंवा लांब काडी बरी. ६० गेजला उलट धीर लागतो: कड पेटली तरी मधला भाग काळाच राहतो. टोकावर हलकी फुंकर मारा, पूर्ण वर्तुळ नारिंगी दिसलं की झालं. चौकोनी दाबलेल्या सिगारला चारही कोपरे आधी शेका. एक कोपरा मागे राहिला की पुढे तिथूनच जळणं तिरकं होतं.

पर्फेक्टो दोन्ही बाजूंनी निमुळती असते. पेटवायचं टोक पेन्सिलएवढं बारीक, त्यामुळे सुरुवातीला ओढ घट्ट लागते. घाबरून जोर लावू नका आणि ते टोकही कापू नका. एक-दोन सेंटीमीटर जळून सिगार रुंद झाली की ओढ आपोआप मोकळी होते. रॅपर-फिलरचं प्रमाण बदलल्यामुळे चव इथे ढळढळीत बदलते. आकाराचा परिणाम एकाच सिगारमध्ये चाखायचा असेल, तर यासारखी दुसरी सिगार नाही.

झुरक्यांचा ताल

सर्वांत जास्त चुका इथे होतात. तोंडभर धूर तेवढाच हवा असतो, पण ३८ गेजमधून तो ५० गेजच्या तुलनेत पावणेदोनपट वेगाने खेचला जातो. निखाऱ्याला हवा जोरात मिळते आणि तो भडकतो. म्हणून लॅन्सेरोला छोटे झुरके, दीड मिनिटाला एक. रोबुस्तोला मिनिटाला एक. ६० गेजला पाऊण ते एक मिनिट. त्याहून रेंगाळलात तर मधला निखारा मंदावतो आणि पुन्हा पुन्हा पेटवावं लागतं.

लांबीचं काम वेगळं आहे. न जळलेला भाग धूर गार करतो आणि गाळतो, म्हणून लांब सिगारचे तीन सारखे हिस्से धरले तर पहिला सौम्य लागतो. गाळलेलं सगळं मागच्या भागात साठतं आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्शात एकदम हाताशी येतं. पिरामिडमध्ये तर त्याच सुमारास नळीही अरुंद होते. तिथे वेग निम्मा करा.

बिघडलं तर

टॉर्पेडोच्या टोकावर तपकिरी चिकट थेंब दिसला, जिभेला झोंबलं, तर टोक पुसून आणखी २ मिमी कापा. लॅन्सेरोची ओढ सुरुवातीपासून बंद असेल तर बहुधा आत देठ किंवा पीळ अडकलाय. लांब बारीक सुईने मधोमध वाट करून बघा, नाही जमलं तर सोडून द्या. जाड सिगार सारखी विझत असेल तर गाभा ओलसर आहे. ६५ ते ६७ टक्के आर्द्रतेत तिला काही आठवडे पडू द्या. बारीक सिगार तेवढीच आर्द्रता काही दिवसांत पकडते. एका बाजूने जळणं पुढे पळालं तर मागे राहिलेल्या कडेला ज्योत दाखवा, आणि ओढताना तीच बाजू खाली ठेवा.

फरक ओळखायचा प्रयोग

एकाच मालिकेतल्या दोन सिगारी घ्या, एक ४२ किंवा त्याहून बारीक, दुसरी ५२च्या पुढची. दोन्ही एकाच डब्यात महिनाभर ठेवा. दोन वेगळ्या दिवशी, जेवणानंतर साधारण त्याच वेळी, फक्त पाण्याबरोबर ओढा. एकाच दिवशी ओढल्या तर दुसरीच्या वेळी जीभ बधिर झालेली असते. सिगारच्या तिन्ही हिश्शांत प्रत्येकी तीनच गोष्टी लिहा: धूर किती गरम, गोडवा की कडवटपणा, आणि घड्याळात किती वाजले. काही कारखाने आकारानुसार फिलरचं मिश्रणही बदलतात, तेव्हा बारीक सिगारमध्ये भलतीच चव सापडली तर आधी तिसऱ्या आकाराची एक ओढून बघा, मग आकाराला श्रेय द्या.