दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून दूरच्या शहरांचे अंतर कधीही मोजू नये, कारण गोल पृथ्वी सपाट करताना ध्रुवांकडचा प्रदेश ताणला जातो आणि नकाशावरची सरळ रेषा प्रत्यक्षात बहुधा लांबचा रस्ता ठरते. खरे अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचा मध्य आणि दोन्ही शहरे यांतून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर आखलेल्या वर्तुळावर मोजतात. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की हा मार्ग लगेच दिसतो.

आकडा हवा असल्यास दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. त्यात अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवावा. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरावेत; नवख्यांची चूक नेमकी येथेच होते. येणारी बेरीज ज्या कोनाचा कोसाइन असेल, त्या कोनाच्या अंशांना १११.२ ने गुणले की किलोमीटर मिळतात. लंडन (५१.५ उत्तर, ०.१ पश्चिम) आणि न्यूयॉर्क (४०.७ उत्तर, ७४ पश्चिम) यांसाठी बेरीज सुमारे ०.६४१ येते, कोन ५०.१ अंश आणि अंतर सुमारे ५,५७० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने या उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो, आणि प्रवासाच्या आखणीसाठी तो सोडून द्यायला हरकत नाही.

वेळेचे गणित इतके स्थिर नसते. मोठे जेट विमान साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. म्हणून अंतराला ८५० ने भागून चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावा. वरील उदाहरणात सुमारे सात तास येतात. परंतु मध्य अक्षांशांत त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला येणारे विमान बरेचदा सात तासांच्या आत पोहोचते, तर उलट दिशेला आठ तासांच्या आसपास लागतात. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, हेही ध्यानात ठेवावे; धावपट्टीकडे जाण्यातली आणि रांगेतली मिनिटे तिच्यात धरलेली असतात.

पोहोचण्याची वेळ काढताना प्रस्थानाच्या वेळेत आधी प्रवासाचा कालावधी मिळवावा आणि मगच घड्याळांतील फरक लावावा. लंडन आणि न्यूयॉर्क यांत वर्षाचा बहुतेक काळ पाच तासांचा फरक असतो. लंडनहून सकाळी ११ वाजता निघून आठ तास प्रवास केल्यास तेथील घड्याळात संध्याकाळचे ७ वाजलेले असतात, न्यूयॉर्कमध्ये मात्र दुपारचे २. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यामुळे त्यांची नुसती वजाबाकी केली तर हा प्रवास तीन तासांचा भासेल.