विंडोज एसएसडीवर क्लोन करताना रिकव्हरी पार्टिशन मागे राहू देऊ नका

जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं एसएसडीवर न्यायचं (यालाच क्लोन करणं म्हणतात) म्हणजे सी ड्राइव्ह कॉपी करायचा, अशी बहुतेकांची समजूत असते. पण सी ड्राइव्हच्या मागेपुढे दोन-तीन लहान पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे वेगळे केलेले भाग, लपलेली असतात. कम्प्युटर सुरू होणं आणि बिघडल्यावर पुन्हा उभा राहणं, या दोन्ही गोष्टी त्यांच्यावर अवलंबून असतात. बूटचं पार्टिशन राहून गेलं तर निदान लगेच कळतं, कारण मशीन सुरूच होत नाही. रिकव्हरी पार्टिशन राहून गेलं तर मात्र काहीच जाणवत नाही. महिनोन् महिने सगळं सुरळीत चालतं, आणि एखाद्या अपडेटनंतर विंडोज उघडेनासं झालं की दुरुस्तीचा पडदाच येत नाही. म्हणून या लेखात बाकीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून त्या पार्टिशनबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी डिस्कवर काय काय आहे ते पाहा

कीबोर्डवरची विंडोजची खूण आणि एक्स एकत्र दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. अलीकडच्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर सुरुवातीला साधारण १०० एमबीचं ईएफआय, म्हणजे बूटचं, पार्टिशन, मग सी आणि शेवटी अर्धा ते एक जीबीचं रिकव्हरी पार्टिशन दिसेल. मायक्रोसॉफ्टचं आणखी एक १६ एमबीचं राखीव पार्टिशन असतं, ते इथे दिसत नाही. जुन्या एमबीआर डिस्कवर ईएफआयच्या जागी 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' असतं.

काही लॅपटॉपमध्ये याशिवाय दहा-वीस जीबीचं आणखी एक रिकव्हरी पार्टिशन असतं. मशीन कारखान्यातून आलं तेव्हा जसं होतं तसं करून देणारी प्रत त्यात असते. लहान रिकव्हरी पार्टिशन विंडोजचं आणि मोठं लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं. दोन्हींचं काम वेगळं आहे, त्यामुळे एक आहे म्हणून दुसरं वगळू नका. कंपनीचं पार्टिशन नव्या डिस्कवर हुबेहूब गेलं तरी फॅक्टरी रिसेटची ती सोय चालेलच असं नाही, कारण काही कंपन्यांची साधनं पार्टिशनांचा मूळ क्रमच शोधतात. ती सोय हवी असेल तर कंपनीच्याच साधनाने आधी रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवून ठेवा.

आता कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि रीएजंटसी ही कमांड द्या. आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी ही अक्षरं सलग, मग एक जागा, मग स्लॅश आणि त्याला जोडून इन्फो. उत्तरात पहिल्याच ओळींमध्ये विंडोज आरई (विंडोजची दुरुस्तीची व्यवस्था) 'एनेबल्ड' आहे की 'डिसेबल्ड' ते दिसतं, आणि खाली हार्डडिस्क ०, पार्टिशन ४ असा पत्ता दिसतो. या पडद्याचा फोटो काढून ठेवा, शेवटी ताडून पाहायला लागेल.

तयारी

महत्त्वाच्या फाइलींचा वेगळा बॅकअप घ्या. क्लोनिंगमध्ये एक चुकीची डिस्क निवडली तर सगळं पुसलं जातं, त्यामुळे ही पायरी टाळू नका.

एसएसडी घेण्यापूर्वी मशीनमध्ये कोणती बसते ते तपासा. अडीच इंची साटा, एम डॉट टू साटा आणि एम डॉट टू एनव्हीएमई हे तीन वेगळे प्रकार आहेत. शेवटचे दोन दिसायला सारखे असले तरी प्रत्येक स्लॉट दोन्ही चालवत नाही. क्लोन करताना नवी डिस्क बाहेरून जोडायची असेल तर तिच्या प्रकाराची केबल किंवा केस घ्या आणि यूएसबी ३ च्या पोर्टमध्येच लावा. यूएसबी २ वर सेकंदाला तीस-चाळीस एमबीच्या पुढे वेग जात नाही.

बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो. ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून घ्या, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा. ते चालू असलं तर शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि त्या अवस्थेत बाहेरच्या पेनड्राइव्हवरून केलेला क्लोन बिघडू शकतो. सी ड्राइव्हवर एकदा चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारी विंडोजची कमांड) चालवा. जुन्या डिस्कवर बॅड सेक्टर (खराब झालेल्या जागा) सापडत असतील तर क्लोनचा विचार बाजूला ठेवून आधी फाइली वाचवा.

तयारीतली शेवटची गोष्ट फारसं कोणी करत नाही, पण मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. तीच रीएजंटसी कमांड या वेळी स्लॅश डिसेबलसह द्या. त्यामुळे रिकव्हरीची मुख्य फाइल, म्हणजे विनआरई डॉट विम, रिकव्हरी पार्टिशनमधून सी ड्राइव्हच्या विंडोज, सिस्टिम ३२, रिकव्हरी या फोल्डरमध्ये येऊन बसते. आता सी जिथे जाईल तिथे तीही जाईल. नव्या डिस्कवर पोचलो की एका कमांडने ती परत जागेवर बसवता येते.

क्लोन करताना

एसएसडीच्या कंपनीचं मोफत साधन असेल तर सुरुवात त्यापासून करा. मात्र यातली काही साधनं रिकव्हरी पार्टिशन मुकाट्याने वगळतात, त्यामुळे यादीत ते दिसतंय का ते पाहा. नसेल तर क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला वापरा. दोन्ही मोफत आहेत आणि पेनड्राइव्हवरून बूट होतात. मॅक्रियम रिफ्लेक्टचं नाव जुन्या लेखांमधून अजूनही सुचवलं जातं, पण त्याची मोफत आवृत्ती १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली आहे.

कोणतंही साधन घेतलं तरी क्रम असा राहतो:

१. मूळ डिस्क आणि नवी डिस्क मॉडेलच्या नावावरून आणि आकारावरून ओळखा. 'डिस्क ०', 'डिस्क १' या क्रमांकांवर विसंबू नका, ते बदलतात.

२. मूळ डिस्कवरची सगळी पार्टिशनं निवडा.

३. नव्या डिस्कवर पार्टिशनं कशी बसणार ते नीट पाहा, हवं तसं बदला आणि मगच सुरू करा.

४. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा आणि काम संपेपर्यंत मशीन वापरू नका.

तिसऱ्या पायरीवर घाई करू नका. समजा २५६ जीबीच्या डिस्कवरून १ टीबीच्या एसएसडीवर जात आहात. पार्टिशनं जशीच्या तशी गेली तर उरलेली सातशेच्या आसपास जीबी जागा रिकव्हरी पार्टिशनच्या पलीकडे पडते. डिस्क मॅनेजमेंट सी ड्राइव्हला फक्त उजवीकडच्या लागून असलेल्या मोकळ्या जागेतच वाढवू देतं, आणि मध्ये तर रिकव्हरी बसलेलं असतं. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय फिका दिसतो. वैतागून लोक रिकव्हरी पार्टिशनच उडवून टाकतात आणि सी वाढवतात. त्यापेक्षा क्लोनच्या पडद्यावरच रिकव्हरीला ओढून डिस्कच्या अगदी शेवटी न्या आणि मधली जागा सी ड्राइव्हला द्या. साधनात ही सोय नसेल तर क्लोननंतर जीपार्टेड या पार्टिशनं बदलण्याच्या साधनाने रिकव्हरी शेवटी सरकवता येतं.

ते सरकवताना आकारही १ जीबीपर्यंत वाढवा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेलं केबी ५०३४४४१ हे अपडेट असंख्य मशीनवर अडकलं, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये त्याला लागणारी २५० एमबी मोकळी जागा नव्हती. मग मायक्रोसॉफ्टने पार्टिशन हाताने मोठं करण्याच्या सूचना दिल्या. आत्ता एक रेघ ओढून होणारं काम तेव्हा लोकांना डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमध्ये शिरून करावं लागलं.

नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर आधी फाइली कमी करून सी आक्रसून घ्या. क्लोनझिलाला एरवी तेवढीच किंवा मोठी डिस्क लागते.

पहिलं बूट

क्लोन झाला की मशीन पूर्ण बंद करा आणि जुनी डिस्क काढून ठेवा. दोन्ही डिस्कवर आता ओळख क्रमांक तेच असू शकतात. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं, किंवा जुनीवरूनच बूट होतं आणि आपल्याला कळतही नाही. फक्त एसएसडी ठेवून मशीन सुरू करा आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' नव्या डिस्कचा आहे ना ते पाहा.

साटावरून एनव्हीएमईवर जाताना कधीकधी एररच्या पडद्यावर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. नव्या डिस्कचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड होत नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट करून 'रिपेअर'मध्ये जा, कमांड प्रॉम्प्टमधून सेफ मोड चालू करा आणि एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडू द्या. त्यानंतर बहुतेक वेळा ते नीट सुरू होतं. घाबरून बायोसमधली एएचसीआय आणि रेडची सेटिंग (डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ते ठरवणारी) मात्र उलटीपालटी करू नका. तीच एरर त्यानेही येते, आणि मग खरं कारण कोणतं ते शोधणं अवघड होतं.

आता तपासणी

विंडोज उघडल्यावर रीएजंटसी स्लॅश एनेबल द्या, मग स्लॅश इन्फो. 'एनेबल्ड' दिसलं तरी पत्ताही वाचा आणि काढलेल्या फोटोशी ताडून पाहा. पार्टिशनचा क्रमांक सी ड्राइव्हचाच असेल तर विंडोजला रिकव्हरी पार्टिशन ओळखता आलेलं नाही किंवा जागा पुरली नाही, म्हणून फाइल सी वरच ठेवली आहे. तरीही दुरुस्ती चालते, पण सी बिघडला की तीही गेली. अशा वेळी पार्टिशनचा आकार आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यावर 'रिकव्हरी' लिहिलेलं आहे का, हे दोन्ही पाहून कमांड पुन्हा द्या.

मग प्रत्यक्ष करून पाहा. शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' करा. निळा पडदा येऊन त्यात 'ट्रबलशूट' दिसलं आणि 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून कमांड प्रॉम्प्ट उघडला, की रिकव्हरी जागेवर आहे. बिटलॉकर बंद केलं असेल तर आता पुन्हा चालू करा. 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'मध्ये सी समोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असं लिहून येतंय हेही पाहून घ्या.

जुनी डिस्क दोन-तीन आठवडे तशीच राहू द्या. ती कुणाला द्यायची असेल तर हार्ड डिस्कला 'क्विक' ही खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट त्या पार्टिशनच्या सगळ्या जागेवर शून्यं लिहितो. डिस्कवर पार्टिशनं जास्त असतील तर आधी ती सगळी काढून एकच करा, म्हणजे कोणताही कोपरा सुटणार नाही. जुनी डिस्कही एसएसडीच असेल तर तिच्या कंपनीच्या साधनातलं 'सिक्युअर इरेज' वापरा.